वाचकांचे प्रश्न : घायपात, मुरूम आणि साचलेलं पाणी

कमी पाण्याच्या बागेत घायपात म्हणजेच अगेव्ह लावणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे : उन्हाळा झाडाने सहज काढला आणि ते पावसाळ्यात गेलं. त्यामुळे उत्तरांतही पाणी देण्यापेक्षा पाण्याच्या निचऱ्यावर भर आहे.

प्रश्न : घरापुढे ३० बाय २० फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी, भारी. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतो, म्हणून लॉन काढून घायपात लावायचं ठरवलंय. नर्सरीवाल्याने दोन फूट खोल खड्डे घेऊन त्यात वाळू भरायला सांगितलं आहे. ते योग्य आहे का? (म. दे., लातूर)

खड्डे घेऊ नका. काळ्या मातीत वाळूचा खड्डा केला की जमिनीखाली हौद तयार होतो. काळी माती भिजल्यावर फुगते, तिच्यातली छिद्रं मिटतात आणि आजूबाजूचं पाणी वाळूत उतरतं. तिथून पुढे जायला त्याला वाट नसते. वरून जागा कोरडी दिसते, पण मुळं आठवडाभर पाण्यात उभी असतात. घायपाताची मुळं उथळ, पसरट असतात. हवा न मिळालेल्या मुळांवर बुरशी चढायला दोन-तीन दिवस पुरतात.

खात्री करायची असेल तर फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर जमीन चालेल. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर झाड जमिनीत नव्हे, जमिनीवर लावायचं, म्हणजे उंचवटा करून.

एका झाडासाठी पाच फूट व्यासाचा आणि मध्यभागी दीड फूट उंचीचा उंचवटा पुरतो. त्याला सुमारे १६ घनफूट माल लागतो, म्हणजे साधारण ३० घमेली. त्यात १५ घमेली मुरूम, ९ घमेली बारीक खडी (६ ते १० मि.मी.) किंवा विटांचा चुरा, ३ घमेली तिथलीच माती आणि ३ घमेली पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत घाला. या प्रमाणात एका ब्रास मुरमात बारा उंचवटे होतात. मुरूम घेताना मात्र पारखून घ्या. मूठभर ओला करून दाबा. लाडवासारखा गोळा राहिला तर तो मातकट आहे, तो ५ मि.मी. चाळणीने चाळून वरचा भाग वापरा. न चाळता घातलात तर पहिल्याच पावसात तो बसून घट्ट होईल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

रोप लावताना त्याची मान, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मालाच्या पातळीपेक्षा दोन ते तीन इंच वर ठेवा. पहिल्या पावसात उंचवटा इंच-दोन इंच खचतो, त्याचा हिशोब आधीच धरायचा. मानेभोवती माती चढवून रोप उभं करण्याचा मोह होतो. तो टाळा, तीन दगडांचा टेकू द्या. वर दोन इंच खडीचा थर पसरा. पालापाचोळ्याचं आच्छादन इतर झाडांना उत्तम, पण घायपाताच्या मानेला ते ओलं ठेवतं आणि सड तिथूनच सुरू होते.

दोन उंचवट्यांमधून उथळ चर काढून त्याचा उतार एखाद्या मोठ्या झाडाकडे द्या. कडुनिंब असेल तर फारच छान, पावसाचं पाणी तिकडे कामी येईल.

लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा. पाऊस संपलेला असतो, माती अजून उबदार असते आणि मे महिन्याचं ऊन येण्याआधी मुळांना तीन-चार महिने मिळतात. लावल्यावर आठवडाभर पाणी द्यायचंच नाही, उपटताना तुटलेली मुळं आधी वाळू द्यायची. पुढे दोन महिने दर दहा-बारा दिवसांनी झाडामागे ३ ते ४ लिटर द्या. दुसऱ्या वर्षापासून मार्च ते मे या काळात पंधरा ते वीस दिवसांतून एकदा पुरेल, हिवाळ्यात महिन्यातून एकदा किंवा तेवढंही नाही.

ठिबक असेल तर त्याची लाईन वेगळी घ्या आणि तिला स्वतंत्र कॉक बसवा. जास्वंदीच्या लाईनवर जोडलेलं घायपात जास्वंदीच्या हिशोबाने पाणी पितं आणि वर्षभरात सडतं. ड्रिपर मानेपासून फूटभर दूर ठेवा.

तुमच्या जागेत हिरवं-निळसर मोठं घायपात (अगेव्ह अमेरिकाना) एकच लावा, तेही मागच्या कोपऱ्यात. त्याचा पसारा आठ-दहा फुटांपर्यंत जातो आणि पानाच्या टोकाचा काटा डोळ्याच्या उंचीवर येतो. फाटक आणि पायवाटेपासून किमान सात फूट अंतर हवं. बाकी जागेत पांढऱ्या कडेचं, अँगुस्टिफोलिया जातीचं घायपात साडेतीन-चार फुटांवर लावा. मध्ये तरवड, निर्गुडी, बोगनवेल घालता येतील. तरवड आपल्याच माळावरची आहे, पाण्यावाचून पिवळीधमक फुलते आणि काट्यांच्या गर्दीत डोळ्याला विसावा देते.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर मोठ्या कुंड्यांत चार जाती लावल्या. नर्सरीतून एप्रिलमध्ये आणल्या, महिन्याभरात पानांवर पांढरे-तपकिरी डाग पडले. हा रोग आहे का? घरात लहान मूल आहे, काट्यांचं काय करावं? (स. जो., पुणे)

हे ऊन लागल्याचे डाग आहेत. नर्सरीत ही रोपं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. त्यांना एकदम एप्रिलच्या गच्चीत ठेवलं की पानाची वरची बाजू करपते. रोगाचा डाग पसरत जातो, त्याच्या कडा ओलसर किंवा काळ्या कडीच्या असतात. करपल्याचा डाग आहे तेवढाच राहतो, कोरडा आणि कागदासारखा लागतो. तो भरून येत नाही, पण झाडाला धोकाही नाही. पानं कापू नका, मधून नवी स्वच्छ पानं येतील आणि जुनी खाली जातील. पुढच्या वेळी रोपं नोव्हेंबरमध्ये आणा. उन्हाळ्यात आणावीच लागली तर पहिला आठवडा फक्त सकाळचं दोन तास ऊन, दुसऱ्या आठवड्यात चार तास, तिसऱ्यानंतर पूर्ण असं वाढवत जा. तुमच्या चारांपैकी बिनकाट्याची मऊ पानांची जात (अटेन्युआटा) मात्र पुण्याच्या मे महिन्यात दुपारच्या सावलीतच बरी राहते.

कुंडीचा व्यास झाडाच्या पसाऱ्याच्या साधारण दोन-तृतीयांश ठेवा. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेला भाग ओला राहतो. मातीची कुंडी सर्वांत चांगली, तिच्या भिंतीतून ओल उडते. तळाला किमान तीन भोकं हवीत आणि खाली बशी नको. कुंडी विटांच्या तुकड्यांवर इंचभर उचलून ठेवा, नाहीतर गच्चीच्या लादीला चिकटून भोकं बंद होतात. माल असा : खडी किंवा वीटचुरा ५ भाग, भरड वाळू ३ भाग, माती १ भाग, गांडूळ खत १ भाग. कोकोपीट घालू नका. नर्सरीतलं रोप नुसत्या कोकोपीटमध्ये असेल तर ते मुळांवरून झाडून काढूनच लावा, कारण तो गोळा पावसाळ्यात स्पंजासारखा पाणी धरतो आणि उन्हाळ्यात इतका वाळतो की वरून दिलेलं पाणी बाजूने निघून जातं.

भरलेली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलोंपर्यंत जाते. अशा अनेक कुंड्या असतील तर त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेने, तुळईच्या रेषेवर ठेवा.

काट्यासाठी नखं कापायचं मोठं कटर घ्या आणि पानाच्या टोकाचा फक्त कडक, तपकिरी भाग ४-५ मि.मी. कापा. हिरव्या मांसल भागाला लागू देऊ नका, तिथून पान सुकत जातं. तरीही मूल धावण्याच्या वाटेवर अँगुस्टिफोलिया ठेवू नका. त्याची पानं ताठ आणि सरळ असतात, टोक कापलं तरी ती टोचतात.

प्रश्न : घायपाताचा गर कोरफडीसारखा चेहऱ्याला लावता येतो का? (एक वाचक, सातारा)

अजिबात नाही. घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्वचेला लागले की खाज सुटते, पुरळ येतं, कधी फोड येतात. ओळख सोपी आहे. कोरफडीचं पान मोडलं की आत पारदर्शक गर दिसतो आणि पान सहज तुटतं. घायपाताचं पान तोडायला गेलं तर आतले धागे तुटत नाहीत. रस लागला तर चोळू नका, साबण लावून भरपूर पाण्याने धुवा.

प्रश्न : चार वर्षांचं अमेरिकाना ऑगस्टमध्ये खालून पिवळं पडायला लागलं. पानं मऊ झाली आहेत. पाणी कमी पडतंय असं समजून आम्ही वाढवलं, तर जास्तच बिघडलं. (र. ठा., नागपूर)

पाणी लगेच थांबवा. तहानलेल्या घायपाताची पानं पातळ होतात, आत वळतात, सुरकुततात, पण हाताला चिवट लागतात. सडणाऱ्या झाडाची पानं मऊ, पाणीदार आणि पिवळी होतात, दाबलं तर बोट रुततं. दोन्हींत झाड मलूल दिसत असल्याने उपाय उलटा होतो. (वर्षाकाठी सर्वांत खालची दोन-तीन पानं कुरकुरीत तपकिरी होऊन वाळत असतील तर तो वयाचा भाग आहे, ती नुसती काढून टाका.)

आता मधला कोंब तपासा. जाड हातमोजे आणि चष्मा घालून तो हळूच वर ओढा. तो सहज हातात आला आणि बुडाशी कुजका वास असेल तर गड्डा, म्हणजे पानं जिथे जोडलेली असतात तो बुंधा, गेलेला आहे, ते झाड वाचत नाही. आजूबाजूला फुटवे असतील तर ते वाचवा आणि मधलं झाड मातीसकट काढून टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका.

कोंब घट्ट असेल तर आशा आहे. पहारीने भोवताली सैल करून झाड उपटा, मुळांवरची माती झटका. काळी, पोकळ, बोटाने साल सुटणारी मुळं सगळी कापा. गड्ड्यावर तपकिरी डाग असेल तर पांढरा, कोरडा गर दिसेपर्यंत कापत जा, आणि प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरीटने पुसा. न पुसलेल्या सुरीने सड निरोगी भागात जाते. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पूड किंवा गंधक लावा. झाड आडवं ठेवून सावलीत, वाऱ्याशी दहा ते पंधरा दिवस वाळू द्या. एवढे दिवस मुळं उघडी ठेवायला जीव घाबरतो, पण पानांतला साठा त्याला महिनाभरही पुरतो. काप कोरडा, लाकडासारखा झाला की वर सांगितलेल्या मुरमाच्या मालात, पावसापासून आडोशाला लावा आणि पहिलं पाणी दोन आठवड्यांनी द्या. जुन्या जागेत पुन्हा तेच लावणार असाल तर आधी उंचवटा करा.

प्रश्न : रत्नागिरीत घायपात टिकेल का? जांभ्याची जमीन आहे, निचरा चांगला आहे. तरी दोन झाडं मधोमध सडली. (प. सा., रत्नागिरी)

तुमच्याकडे सड खालून नाही, वरून येते. पानांच्या चक्राच्या मधल्या खळगीत पाणी, पाचोळा आणि धूळ साठते. आठ-पंधरा दिवस ऊन नसलं की तिथे कुजायला लागतं. रोप सरळ उभं न लावता पंधरा-वीस अंश कललेलं लावा, उतार असेल तर उताराच्या दिशेने. खळगीतलं पाणी मग आपोआप निथळतं. पावसाआधी मेच्या शेवटी खळगीतला कचरा लांब चिमट्याने काढा. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन एक फवारणी मेअखेरीस द्या आणि दुसरी जुलैत, उघडीप मिळेल त्या दिवशी. वरून सावली करणारा आंबा-फणस जवळ असेल तर जागा बदला.

जातींत अँगुस्टिफोलिया आणि अटेन्युआटा कोकणात तग धरतात. व्हिक्टोरिया-रेजिनीसारख्या गच्च, लहान चक्राच्या जाती मात्र फक्त कुंडीत आणि पागोळीच्या आतच ठेवा.

प्रश्न : मधून अचानक उंच दांडा निघाला आहे, रोज वाढतोय. कापला तर झाड वाचेल का? (वि. शि., बारामती)

वाचणार नाही. घायपात आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग ते चक्र मरतं. अमेरिकानाला फुलायला साधारण दहा ते तीस वर्षं लागतात. दांडा दिवसाला दहा-पंधरा सेंटिमीटर वाढतो आणि वीस-पंचवीस फुटांवर जातो. पानांत वर्षानुवर्षं साठवलेली साखर आणि पाणी त्यात जातं, म्हणून पानं सुरकुतताना दिसतील. दांडा कापला तर गड्डा थोडे महिने जास्त हिरवा राहील, एवढंच. फुलू द्या. फुलांत मध भरपूर असतो, मधमाश्या, मैना, सूर्यपक्षी येतात.

मात्र तीन कामं वेळेवर करा. वीजतारा जवळ असतील तर दांडा सहा फुटांचा असतानाच कापा. बुंध्याभोवतालचे फुटवे वीतभर उंचीचे झाले असतील तर धारदार सुरीने जमिनीखालचा जोड कापून सोडवा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि लावा. झाड अँगुस्टिफोलिया किंवा सिसलाना असेल तर फुलांनंतर दांड्यावरच शेकडो छोटी रोपं येतात. ती गळण्याआधी खाली चादर धरून काढा. हवी तेवढी ठेवा, उरलेली उन्हात पूर्ण वाळवून नष्ट करा. ती ओढ्यात, डोंगरउतारावर किंवा माळावर फेकू नका. आपल्या माळरानांत गवतं, चंडोल, लांडगे, खोकड यांचं जग आहे, आणि मेक्सिकोतून आलेलं हे झाड तिथे रुजलं की गवताची जागा खातं आणि काढणं फार कठीण होतं.

वाळलेलं झाड काढताना पॉवर सॉ वापरू नका. रसाचे तुषार हातापायांवर, गळ्यावर उडतात आणि खाज कित्येक तास थांबत नाही. हाताची करवत घ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा घाला. दांडा आधी दोराने बांधून वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवा.

प्रश्न : आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सला राहतो. अंगणातलं मोठं घायपात आठवड्याभरात फतकल मारून बसलं, पानं खाली लोळली. पाणी तर मोजकंच होतं. (अ. कु., फिनिक्स)

तुमच्या भागात अशा वेळी पहिला संशय घायपातावरच्या सोंड्यावर घ्यायचा. हा दीड-दोन सेंटिमीटरचा काळा, लांब सोंडेचा भुंगा वसंतात पानांच्या बुडाशी भोक पाडून अंडी घालतो. त्याच भोकातून जिवाणू आत जातात. गड्डा सडतो आणि पांढऱ्या शरीराच्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या तो सडलेला गर खातात. बाहेर कळेपर्यंत आतलं सगळं संपलेलं असतं. पान उपटून बुडाशी पाहा : काळं, दुर्गंधी आणि अळ्या असतील तर निदान पक्कं.

झाड वाचत नाही. गड्डा, मुळं आणि भोवतालची वीतभर माती काढा, जाड पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. मातीत कोष राहिले तर पुढचं झाड जाईल, म्हणून त्या जागी वर्ष-दोन वर्षं घायपात किंवा युक्का नको. शेजारची निरोगी झाडं वाचवायची असतील तर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक वसंताच्या सुरुवातीला, लेबलवर दिलेल्या मात्रेने मुळाशी देतात. पण फुलोऱ्यावर आलेल्या झाडाला ते देऊ नका, ते मधात उतरून मधमाश्यांना मारतं. फुलायला आलेली मोठी अमेरिकाना सोंड्याला सर्वांत प्रिय आहे. तिच्याऐवजी ब्रॅक्टिओसा किंवा व्हिक्टोरिया-रेजिनी लावा, त्यांना तो कमी लागतो.

नवं लावताना फूट-दोन फुटांवर चुनखडीचा पांढरा कडक थर, म्हणजे तिकडची कॅलिशे, लागतो का ते पाहा. लागला तर पहारीने आरपार भोक पाडा किंवा उंचवटा करा. लातूरची काळी माती आणि तुमचा चुनखडीचा थर पाणी अडवण्यात सारखेच.

प्रश्न : बांधावर कुंपणासाठी घायपात लावायचं आहे. गुरं अडतील का? (द. पा., जत)

अडतील, पण तीन-चार वर्षांनी. दांड्यावरची पिल्लं आधी वर्षभर वाफ्यात वाढवा आणि फूटभर उंचीची झाली की जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. जतसारख्या कमी पावसाच्या भागात बांधाच्या उंचीवर पावसाळी लागवड चालते, पाणी थांबत नाही. दोन ओळी तीन फूट अंतरावर घ्या, ओळीत रोपं तीन फुटांवर, आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीच्या दोन रोपांच्या मधोमध. पहिली दोन वर्षं रोपांच्या मधलं गवत काढा, नाहीतर गुरं त्या गवतासाठी शिरतात आणि रोपं तुडवतात. फुटवे पिकाच्या बाजूला सरकतात. दरवर्षी नांगरणीच्या आधी बांधाच्या कडेने कुदळीने चर मारून ते तोडा. शेजाऱ्याच्या बांधाला लागून लावत असाल तर त्यांच्याशी आधी बोलून घ्या, कारण फुटवे त्यांच्या बाजूलाही जाणार आहेत.